गुप्त फलाटाचं तिकीट

कपाटातून किंवा सशाच्या बिळातून दुसऱ्या जगात जाणारं पोर पहिल्यांदा एकटंच जातं, तेही बहुधा न ठरवता. रेल्वेने जायचं तर गाडीची वेळ पाळावी लागते, तिकीट लागतं आणि डब्यात आधीच कुणीतरी बसलेलं असतं. जादू म्हणजे नियमांतून सुटका, असं आपण धरून चालतो. मग अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना हे एवढं शिस्तीचं वाहन का लागावं?

नऊ आणि दहामधल्या भिंतीतून गाठायचा हॅरी पॉटरचा पावणेदहा नंबरचा फलाट सगळ्यांना पाठ आहे. पण लंडनच्या खऱ्या किंग्ज क्रॉस स्थानकात नऊ आणि दहा या फलाटांमध्ये भिंत नाहीच, रूळ आहेत. लिहिताना डोळ्यांसमोर युस्टन स्थानक होतं, असं जे. के. रोलिंग यांनीच पुढे सांगितलं. चित्रपटाचं चित्रीकरणही चार आणि पाच नंबरवर झालं. (आकड्यांचं काय घेऊन बसलात! दादरला डिसेंबर २०२३पर्यंत मध्य आणि पश्चिम रेल्वेचे दोन वेगळे एक नंबर होते, तरी माणसं गाडी पकडतच होती.) खरा अडसर विटांचा नाहीच. ज्याच्या अंगात जन्मतः जादू, त्याच्याच नावाने जादूच्या शाळेचं पत्र येतं आणि त्याच्यासाठीच तिथे नेणारी ही गाडी. ही जन्माने मिळणारी राखीव जागा मला जरा खुपते.

जॅक फिनीच्या ‘द थर्ड लेव्हल’मध्ये (१९५०) अडतं ते पैशांवर. सीबीएसईच्या बारावीला ही कथा अनेकांनी वाचली असेल. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलला फलाटांचे मजले दोनच, पण चार्ली तिसऱ्यावर पोचतो आणि तिथे १८९४ साल चालू असतं. तो गेल्सबर्गची दोन तिकिटं मागतो. त्याच्या नव्या नोटा बघून खिडकीतला माणूस त्याला लबाड ठरवतो. पुढे चार्ली तोटा सोसून जुन्या नोटा जमवतो, पण तोवर त्या तिसऱ्या मजल्याची वाट सापडेनाशी झालेली असते. भूतकाळात पळून जायचं तरी हिशेब चोख लागतो, हे फिनीने मिस्कीलपणे सांगितलंय.

मला सर्वांत मोठी वाटते ती जपानी लेखक केन्जी मियाझावाच्या कथेतली आकाशगंगेतली रेल्वे. १९२२मध्ये त्याची धाकटी बहीण तोशी गेली. पुढच्या वर्षी तो रेल्वेने आणि बोटीने उत्तरेला साखालिनपर्यंत जाऊन आला. त्यानंतर या कथेवर तो वर्षानुवर्षं काम करत राहिला. १९३३मध्ये तो वारला, कथा छापून आली १९३४मध्ये. छापखान्यात खिळे वेचणारा गरीब जोव्हान्नी मित्रासोबत, कंपानेल्लासोबत, ताऱ्यांमधून चाललेला असतो. डब्यात बुडालेल्या जहाजावरची मुलंही भेटतात. तिकीट तपासनीस येतो तेव्हा जोव्हान्नीच्या खिशातून घडी घातलेला हिरवा कागद निघतो. या तिकिटावर कुठेही जाता येतं, हे कळल्यावर सहप्रवासी चकित होतात. शेवटी उलगडतं की कंपानेल्ला एका वर्गमित्राला वाचवताना नदीत बुडालाय. मेलेल्यांच्या गाडीत कुठेही जायची मुभा जिवंत मुलाला, आणि त्याला मित्राबरोबर तेवढं जाता येत नाही. इथे रेल्वेच हवी होती. उडत्या गालिच्याला विनवून मागे वळवता येतं. ठरल्या स्थानकांवरून ठरल्या वेळी जाणाऱ्या गाडीपुढे कुणाचंच काही चालत नाही, आणि मरणाचंही तसंच असतं.

हायाओ मियाझाकीच्या ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटातली पाण्यावरून धावणारी गाडी याच रुळांवरची वाटते. बॉयलर सांभाळणारे कामाजी आजोबा नायिका चिहिरोला जपून ठेवलेली जुनी तिकिटं देतात आणि बजावतात, पूर्वी परतीची गाडी असायची, आता फक्त जाणारीच उरली आहे. चिहिरो म्हणते, येताना रुळांवरून चालत येईन. प्रत्यक्षात ती ड्रॅगनच्या पाठीवर बसून येते, पण निघताना तिला ते कुठे ठाऊक होतं?