खरा इशारा, खोटा महापूर

चांगल्या हेतूने केलेली अतिशयोक्ती खोटेपणात मोडते का? प्रश्न जुना आहे. मशिदीच्या मिंबरपासून निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत तो सगळीकडे भेटतो. आमच्यापुढे मात्र तो भूगोलाच्या तासाला येऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी गुन्हेगार आम्हीच होतो.

सातवीच्या वर्गात ध्रुवप्रदेशांचा पाठ चालू होता. पुस्तकातला मजकूर कोरडा, दुपारची वेळ, मुले पेंगुळलेली. आम्ही पुस्तक मिटले आणि एका इंग्रजी चित्रपटातली दृश्ये रंगवून सांगू लागलो. ध्रुवावरचा बर्फ कसा फुटतो, समुद्र कसा खवळतो, इमारतींएवढी लाट शहरात कशी शिरते. मुले सावरून बसली. त्या भरात आम्ही बोलून गेलो, "तुमची लग्ने होईपर्यंत ही खाडी, हा मोहल्ला, सगळे पाण्याखाली गेलेले असेल." वर्ग चिडीचूप झाला. पाठ छान रंगला म्हणून आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

घंटा झाल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, फिर अब्बा वहाँ घर क्यों बना रहे हैं?" तिचे वडील कुवेतला असतात. कित्येक वर्षांच्या कमाईतून खाडीच्या काठी त्यांच्या घराचा पाया खणला जात होता. आम्ही काहीबाही बोलून वेळ मारून नेली. पण रात्री इशाच्या नमाजनंतरही तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आम्ही मुलांना शहाणे केले होते की फक्त घाबरवले होते?

आम्ही सांगितलेला चित्रपट होता रोलँड एमरिक यांचा २००४ सालचा 'द डे आफ्टर टुमारो'. त्याची सुरुवात अंटार्क्टिकातल्या 'लार्सन बी' या ठिकाणी होते. किनाऱ्याला चिकटून समुद्रावर तरंगणारा तो बर्फाचा अवाढव्य थर तडकतो. पुढे दिल्लीत हवामान परिषद भरते आणि बाहेर चक्क बर्फ पडत असतो. मग समुद्रातले प्रवाह थांबतात, न्यूयॉर्कमध्ये लाट शिरते आणि काही दिवसांत अर्धी पृथ्वी हिमयुगात जाते. त्याआधी, १९९५ साली, 'वॉटरवर्ल्ड' आला होता. त्यात ध्रुवांवरचा बर्फ वितळून जवळजवळ सगळी जमीनच बुडालेली आहे आणि माणसे मूठभर मातीसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. २००६ च्या 'आइस एज : द मेल्टडाउन' मध्ये तर बर्फ वितळणे हा बालगोपाळांच्या हसण्याचा विषय झाला.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ मुख्यतः समुद्रावर तरंगणारा आहे. तो वितळला म्हणून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पेल्यातला बर्फ वितळल्याने पेला ओसंडत नाही, तसेच. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ पाण्यात आल्याने. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ७ मीटर वर येईल, अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर आणखी सुमारे ५८ मीटर. म्हणजे जगातला एकूण एक बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ७० मीटरच चढेल. मुंबई, ढाका, कराची, अलेक्झांड्रिया यांच्यासाठी हे भयंकरच आहे, पण सह्याद्री बुडणार नाही, हिमालय तर नाहीच. शिवाय हे व्हायला शतके नव्हे, सहस्रके लागतात. समुद्री प्रवाह मंदावण्याची भीती खरी आहे, पण चार दिवसांत हिमयुग येत नाही.

मग हे सगळे थोतांड म्हणायचे का? तसेही नाही. लार्सन बी खरोखरच फुटला. २००२ च्या सुरुवातीला, महिनाभरात, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा बर्फ तुकडे होऊन समुद्रात विखुरला. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते, तिच्या पाचपटींहून हे क्षेत्र मोठे. तो बर्फ आधीच तरंगत होता, म्हणून त्याने लगेच पातळी वाढवली नाही. पण बाटलीचे बूच निघावे तसे झाले, आणि त्याच्या मागच्या जमिनीवरच्या हिमनद्या अधिक वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. ग्रीनलँड या शतकात दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत तो वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास चढत होता, २००६ नंतर साडेतीन मिलिमीटरांहून अधिक वेगाने चढू लागला.

वीतभर पाणी, तेही सव्वाशे वर्षांत! यावर कोण तिकीट काढून चित्रपट बघेल? खरी अडचण इथेच आहे. सत्य मंद चालीचे आहे आणि माणसाचे काळीज धक्क्याशिवाय हलत नाही. चित्रपटवाल्यांची बाजू अशी की आम्ही काळ आवळून दाखवतो, पण लोकांना जागे तर करतो. त्यात तथ्य आहे. २००४ चा तो चित्रपट पाहिलेल्या अमेरिकी प्रेक्षकांची पाहणी झाली तेव्हा हवामानबदलाची त्यांची काळजी वाढलेली आढळली. मग बिघडले कुठे? नियत नेक आहे, परिणामही नेक आहे.

हा युक्तिवाद ऐकला की आम्हाला हदीसशास्त्रातला एक किस्सा आठवतो. हिजरी सनाच्या दुसऱ्या शतकात मर्व शहरात नूह इब्ने अबी मरियम नावाचे एक विद्वान होते. कुरआनच्या एकेका सूरहची महती सांगणाऱ्या रिवायती ते सांगत. त्या कुठून मिळाल्या असे विचारल्यावर त्यांनी कबूल केले, की लोक फिकह आणि मोहिमांच्या इतिहासात रमून कुरआनकडे पाठ फिरवू लागले होते. त्यांना परत वळवावे म्हणून सवाबच्या आशेने मी त्या रचल्या. हेतूत खोट काढायला जागा नाही. तरीही मुहद्दिसांनी त्यांना माफ केले नाही आणि त्या रिवायती मनगढंत म्हणून बाजूला काढल्या. आम्ही पैगंबरांच्या विरुद्ध कुठे बोलतो, त्यांच्या बाजूनेच तर खोटे बोलतो, अशी पळवाट काढणारेही त्या काळात होते. तीही बंद करण्यात आली. कारण उघड आहे. चांगल्या कामासाठी एक खोटे चालवून घेतले, की ज्या खऱ्याच्या आधाराने ते काम चांगले ठरते, त्या खऱ्यावरचाच विश्वास उडतो.

आणि आपण आजही याच्यापासून मुक्त आहोत का? वाअझच्या मजलिसमध्ये श्रोते रडावेत म्हणून किस्से वाढवले जातात. कब्रीतल्या अजाबच्या अशा कहाण्या सांगितल्या जातात ज्यांना ना सनद, ना आधार. श्रोते रडतातही. पण त्यांतला शिकलेला तरुण एखादी कहाणी तपासून पाहतो, ती बनावट निघते, आणि मग तो खऱ्या नसीहतीकडेही पाठ फिरवतो. दोष त्याचा की कहाणी रचणाऱ्याचा?

विज्ञानालाही हा अनुभव आला आहे. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात एक वाक्य घुसले, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. त्याला भक्कम संशोधनाचा आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये मंडळाला ती चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. हिमालयातला बर्फ कमी होत आहे हे खरेच होते, आजही आहे. पण हजारो पानांच्या अहवालातले ते एक वाक्य विरोधकांच्या हाती कोलीत देऊन गेले. ही चूक हेतुपुरस्सर नव्हती, तरी किंमत एवढी मोजावी लागली. मग मुद्दाम केलेल्या अतिशयोक्तीची किंमत किती असेल?

इथे कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे शेवटी किस्सा. अमीर हमजाची दास्तान ऐकणाऱ्याला देव आणि परी खऱ्या वाटत नाहीत. हे आम्हाला मान्य आहे. किस्सागो खोटारडा नसतो, कारण तो आणि ऐकणारा दोघेही जाणतात की हा किस्सा आहे. खोटेपणा सुरू होतो तो किस्सागो नजीरच्या, म्हणजे इशारा देणाऱ्याच्या, जागेवर जाऊन बसतो तेव्हा. 'वॉटरवर्ल्ड' ने ती जागा मागितली नव्हती. तो चित्रपट वर्गात नेऊन त्याला भूगोल म्हणून खपवले असते तर अपराध नेणाऱ्याचा.

याबाबत ब्रिटनमधला एक खटला शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा 'अॅन इन्कन्व्हीनियंट ट्रुथ' हा माहितीपट २००६ साली आला. सरकारने तो शाळांना वाटला, तेव्हा एक गृहस्थ न्यायालयात गेले. २००७ साली न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला, की माहितीपटाचा वैज्ञानिक गाभा मोठ्या प्रमाणावर बरोबर आहे, पण नऊ ठिकाणी तो प्रस्थापित विज्ञानाच्या पुढे गेला आहे. ग्रीनलँडसारख्या ठिकाणचा बर्फ वितळून समुद्र ७ मीटर वाढण्याची गोष्ट नजीकच्या भविष्यातली असल्यासारखी दाखवणे, हे त्यांतले एक. न्यायालयाने माहितीपटावर बंदी घातली नाही. शाळेत दाखवा, पण शिक्षकांना मार्गदर्शक टिपणे द्या, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. चित्रपट दाखवायला हरकत नाही. त्यातला किस्सा कुठे संपतो आणि खबर कुठे सुरू होते, हे सांगणारा माणूस शेजारी हवा. शिक्षकाचा पगार त्याच कामाचा असतो.

इशारा देण्याचा हक्क कोणाला, याचे उत्तर आम्हाला सफाच्या टेकडीवर सापडते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी मक्केच्या लोकांना टेकडीपाशी बोलावले आणि आधी विचारले, की या टेकडीमागे फौज येऊन थांबली आहे असे मी सांगितले तर तुम्ही मानाल का? लोक म्हणाले, मानू, कारण आपल्याला आम्ही कधी खोटे बोलताना पाहिलेले नाही. त्यानंतरच त्यांनी खरा इशारा दिला. म्हणजे इशाऱ्याआधी चाळीस वर्षांची सचोटी होती. पुढे लोकांनी ऐकले की नाही, हा निराळा भाग. हजरत नूह (अ.स.) यांनी तर साडेनऊशे वर्षे आपल्या कौमला सावध केले आणि मोजक्याच लोकांनी ऐकले. पण म्हणून त्यांनी येणाऱ्या महापुराची तारीख अलीकडे ओढली नाही. सावध करणाऱ्याची जबाबदारी स्वच्छ शब्दांत पोहोचवण्याची; मनवून घेण्याची नव्हे.

मात्र एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. वाढवून सांगू नये, याचा अर्थ कमी करून सांगावे असा नाही. 'शंभर वर्षांनंतरचे आज कशाला' असे म्हणून झोपी जाणे हाही खोटेपणाच. २०२१ च्या अहवालानुसार या शतकाअखेर समुद्र, आपण धूर किती आवरतो त्यावर, साधारण २८ सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत चढू शकतो, आणि ध्रुवीय बर्फाने दगा दिला तर त्याहून अधिक चढण्याची शक्यताही पूर्ण नाकारता येत नाही. आज हवेत गेलेला धूर शतकानुशतके बर्फ वितळवत राहील. आपण सदका-ए-जारियावर ईमान ठेवतो, माणूस गेल्यावरही चालू राहणाऱ्या पुण्यावर. मग माणूस गेल्यावरही चालू राहणाऱ्या नुकसानीचा हिशोब कोणाच्या खात्यावर? खुश्की आणि समुद्रात माजलेल्या फसादचा संबंध कुरआनने माणसाच्या हातच्या कमाईशी जोडला आहे, तो उगाच नाही.

आणि खरे सांगणे नीरसच असते असे कोण म्हणतो? भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये २१ जणांची तुकडी त्या गोठलेल्या भूमीवर उतरली. तिचे नेते होते अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढला शिकलेले सागरशास्त्रज्ञ डॉ. सय्यद जहूर कासिम. अंटार्क्टिकात खोलवर भोके पाडून शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा बर्फ बाहेर काढला आहे आणि त्यात कोंडलेल्या बुडबुड्यांतून तेव्हाची हवा तपासली आहे. ही कहाणी कोणत्या चित्रपटाहून कमी आहे? आमच्या मुलांना नायकाचे नाव पाठ आहे, कासिमसाहेबांचे नाही. यात मुलांचा दोष नाही. आम्ही सांगितलेच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात दोन पेले घेऊन गेलो. एकात पाण्यावर बर्फ तरंगत ठेवला, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर. दोन्हींवर पेनने खूण केली. बर्फ वितळेपर्यंत मुलांना सांगून टाकले, की गेल्या वेळी आम्ही वाढवून बोललो होतो, ते चुकीचे होते. मग खरे आकडे फळ्यावर लिहिले. एक मुलगा सुटकेने म्हणाला, "तो डरने की बात नहीं ना, सर?" आम्ही म्हणालो, घाबरण्याची नाही, पण विसरण्याचीही नाही. समुद्र एका रात्रीत येणार नाही, पण उधाणाचे पाणी दर पिढीला थोडे आत येत राहील. एव्हाना दगडाच्या पेल्यातले पाणी खुणेच्या वर गेले होते.

ती मुलगी या वेळी रडवेली नव्हती. तिने विचारले, घराचे जोते किती उंच घ्यावे, अब्बांना फोनवर सांगायचे आहे. आम्ही म्हणालो, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, त्यांनी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या उधाणाचे पाणी कुठवर आले होते. जोते त्याच्या वर चांगले दोन-तीन हात घ्या, आणि काठची खारफुटी तोडू नका. तिने ते वहीत लिहून घेतले. पहिल्या तासाला आम्ही तिला नुसती भीती दिली होती. तिचे ती काय करणार होती?