माळावरचं ऊन कोणाचं?

नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा. विहिरीच्या काठावर मामा आणि भाची बोलत आहेत. भाची सौरऊर्जेच्या कामात इंजिनिअर आहे. घरच्या चार एकर माळाचं काय करायचं, हे ठरायचं आहे.

भाची : मामा, माळ सौर प्रकल्पाला भाड्यानं दिला तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आहे, वर दरसाल ३ टक्के वाढ. पाऊस पडो न पडो, पैसा ठरलेला. माळ नाहीतरी पडीकच आहे.

मामा : पडीक म्हणू नकोस, गावची गुरं तिथंच चरतात. आणि प्लेटा पुसायला, गवत काढायला, रखवालीला अशी कितीशी माणसं लागणार? कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं त्यानं थांबायची नाहीत.

भाची : या प्रकल्पातून दिवसा वीज मिळाली तर थांबतील. थ्री फेज रात्री येते म्हणून माणसं हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची पर्वा न करता पाणी भरतात. दिवसा पाणी देता आलं तर रब्बी उभी राहील. गावाची भरभराट यापेक्षा वेगळी काय असते?

मामा : भरभराट कोणाची? गुजरातमधलं उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं. तापीवर ३०० मेगावॅट वीज तयार व्हायला लागली, खाली सुरत वाढली. इकडे महाराष्ट्रातलीही गावं पाण्याखाली गेली. त्या विजेलाही धूर नव्हता. म्हणून ती न्यायाची झाली का?

भाची : नाही झाली. पण धरणात गेलेली जमीन परत येत नाही. इथं भाडेकरार आहे, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. आपल्यासारख्या आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला भाड्यानं द्यायलाही सरकारी मंजुरी लागते. आणि ही वीज जवळच्याच उपकेंद्रातून शेतीच्या फीडरवर जाते.

मामा : बरं, वीज आली. मग मोटर दिवसभर चालेल. आपल्या विहिरी काळ्या पाषाणातल्या, उन्हाळ्याआधीच तळ दिसतो. ऊन रोज नवं येतं, पाणी तसं येत नाही.

भाची : हे खरं आहे. सरकारी योजनेतून स्वतःचा सौर पंप घेतला तर अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच भरावे लागतात. पुढे बिल नाही, म्हणजे मोटर बंद करायला कारणच उरत नाही. तो लगाम गावालाच घालावा लागेल.

मामा : त्यासाठीच आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे. ग्रामसभेत आधी पाण्याचा हिशेब मांडू : कोणती पिकं घ्यायची, मोटर किती तास चालवायची. मग प्लेटांचं बोलू. थोडा माळ द्यायचा, थोडा चराईला ठेवायचा, असं जमतं का तेही बघू.

भाची : आणि ग्रामसभेनं वर्षं काढली तर? तोवर आईबापांबरोबर पोरंही ऊसतोडीला जातात, शाळा सुटते. तुमच्या सावधपणाची किंमत ती पोरं मोजतात.

मामा : हे मला लागतं. पण घाईत केलेला करार पुढच्या पिढीला बांधून टाकतो. पाण्याची अट मी सोडणार नाही.

भाची : मान्य. मग माझीही एक अट ऐका. ज्या वर्षी निर्णय होणार नाही, त्या वर्षी तोडीला गेलेल्या प्रत्येक घराची नोंद त्याच ग्रामसभेत वाचायची. उपशाचा हिशेब द्यायचा, तसा थांबण्याचाही द्यायचा.