आयतें मिळालेलें वतन

शास्त्रपाठ : शास्ते २:६-१३; उत्पत्ति २५:२७-३४

यहोशवा व त्याच्या काळचे वडील मरण पावल्यावर काय झालें, हें शास्त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. मिसराची वेठ ज्यांनीं भोगली, अरण्यांतील चाळीस वर्षें ज्यांनीं काढलीं व यार्देन ज्यांनीं ओलांडली, ते सर्व एकामागून एक निघून गेले. त्यांच्यामागें जी पिढी उठली तिला परमेश्वराची ओळख नव्हती, आणि त्यानें इस्राएलासाठीं केलेल्या कार्याचीहि नव्हती. शत्रूनें येऊन तिचें स्वातंत्र्य हिरावून घेण्यापूर्वींच तिनें तें मनांतून टाकून दिलें होतें.

१५ ऑगस्टच्या सकाळीं शाळेच्या पटांगणांत झेंड्यास वंदन करणारे आमचे तरुण पाहतांना हा अध्याय आम्हांस आठवतो. १९४७ सालचा तो दिवस जाणतेपणीं पाहिलेले लोक आतां मंडळ्यांतून फार थोडे उरले आहेत. आजच्या तरुणांस स्वातंत्र्य वडिलार्जित जमिनीप्रमाणें आयतें मिळालें. यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु आयत्या जमिनीची एक खोड शेतकऱ्यांस चांगली ठाऊक आहे. बांध कोठून कोठवर आहे हें नातवास माहीत नसतें, आणि शेजारी दरवर्षीं थोडा थोडा बांध कोरीत जातो.

(वतन हा शब्द वाचून आमच्या कित्येक वाचकांस गांवकीचें तें जुनें ओझें आठवेल, जें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालें. येथें अभिप्रेत असलेलें वतन अगदीं त्याच्या उलट आहे.)

बांध दाखवावयाचा तर प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, स्वातंत्र्य सर्वांस एकाच दिवशीं मिळालें नाहीं. नेवासें व शेवगांव तालुक्यांतील गोदाकांठच्या गांवांवरून इंग्रजांचा अंमल उठला, तेव्हां पलीकडच्या तीरावर, गंगापूर व पैठण तालुक्यांत, निजामाचें राज्य तसेंच चालू होतें. नदी एक, भाषा एक, दोन्ही तीरांवर सोयरीक. तरी पलीकडच्या लोकांस १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे तेरा महिने, वाट पहावी लागली. गोमंतकास तर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यांस यार्देनेच्या अलीकडे वतन आधीं मिळालें होतें; पण पलीकडे जाणाऱ्या भावांस त्यांचा वांटा मिळेपर्यंत त्यांनीं स्वस्थ बसूं नये, अशी त्यांस आज्ञा होती. ज्यास आधीं मिळालें तो अधिक बांधलेला आहे.

आतां ह्या वतनांतील मुख्य वांट्याकडे, म्हणजे मताकडे, वळूं. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मताचा अधिकार शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. भूमिहीन सालगडी व त्याची बायको यांस तो बहुधा नव्हताच. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें तो प्रत्येक प्रौढ नागरिकास दिला. प्रथम एकविसाव्या वर्षीं, आणि ६१ व्या दुरुस्तीनें १९८९ पासून अठराव्या वर्षीं. त्याच घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि ख्रिस्ती लोकांनीं कायदेमंडळांत निराळ्या राखीव जागा मागूं नयेत असें त्यांचें मत होतें. म्हणून आमचें मत आज शेजाऱ्यांच्या मतांत मिसळलेलें आहे. तें आम्हीं नासविलें तर त्यांचेंहि पाणी नासतें.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें सतरा कोटी तीस लाख मतदार होते. बहुतेकांस वाचतां येत नव्हतें, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तीवर त्याची खूण लावली होती. परंतु यादी करतांना पुष्कळ स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगितलें. अशा सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें शेवटीं यादींतून काढावीं लागलीं. देव आपल्या लोकांस नांवानें हांक मारतो असें यशया सांगतो. आणि येथें नांव उच्चारण्याच्या संकोचापायीं वतन गेलें!

त्यांचें संकोचानें गेलें; आमचें विक्रीनें जात आहे. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्रीं वस्तीवर काय चालतें, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. कोठें मटणाचें जेवण, कोठें बाटली, कोठें पाकिटांतील नोटा. एसावानें मसुरीच्या वरणासाठीं ज्येष्ठत्व विकलें. पण तो रानांतून थकून आला होता, त्यास भूक तरी लागली होती. धडधाकट, शिकलेल्या तरुणास कसली भूक लागली आहे? ज्या घरीं चूल पेटत नाहीं तेथें हा प्रश्न विचारणें सोपें नाहीं हें आम्ही जाणतों, म्हणूनच आम्ही प्रथम तरुणांस विचारतों.

"पैसे घेतों, पण मत मनाप्रमाणें देतों," असें कोणी मोठ्या हुशारीनें म्हणतात. यानें लांचेंत कपटाची भर मात्र पडते. मतासाठीं लांच देणारा व घेणारा दोघेहि अपराधी, हें १९२० सालींच फौजदारी कायद्यांत घातलें गेलें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तें कायम आहे. शिवाय घेणाऱ्यास पुढें पांच वर्षें तोंड राहत नाहीं. रस्त्याचा हिशेब विचारावयास गेल्यावर त्यास उत्तर मिळतें कीं, तुझे पैसे तुला पोंचले आहेत.

स्वातंत्र्य घालविण्यास परका राजाच लागतो असें नाहीं. १९७५ सालच्या जून महिन्यांत आणीबाणी पुकारली गेली, वर्तमानपत्रांवर तपासणी बसली, चौकशीवांचून हजारों लोक तुरुंगांत गेले. १९७७ सालच्या मार्चांत लोकांनीं मतपेटीच्या द्वारेंच त्याचें उत्तर दिलें. ज्यांनीं तें दिलें त्यांत कित्येक निरक्षर होते.

तरुणांनो, झेंडावंदनानंतर खाऊ घेऊन घरीं जाऊं नका. पुष्कळ गांवीं त्याच दिवशीं ग्रामसभा भरते, आणि यादींत ज्यांचें नांव आहे असा प्रत्येक गांवकरी तिचा सभासद असतो. तेथें शेवटपर्यंत बसा, जमाखर्च वाचून दाखवावयास सांगा, न समजलेलें नम्रपणें पुन्हा विचारा. ज्यांस अठरा वर्षें पुरीं झालीं आहेत त्यांनीं नोंदणीचा सहा नंबरचा नमुना भरावा. आणि मंडळींतील वडिलांनीं येत्या रविवारीं उपासनेनंतर मतदारांची यादी मोठ्यानें वाचावी. कोणा नव्या सुनेचें, कोणा म्हाताऱ्या मावशीचें नांव गळलें असेल, तर तिला विचारून तें तिच्या स्वतःच्या नांवानें लिहून द्यावें.