पितळ उघडं पडलेला कॅमेरा

एखाद्याचं पितळ उघडं पडलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची अब्रू गेलेली असते. जुने कॅमेरे हाताळायला लागल्यापासून हा वाक्प्रचार माझ्या तोंडी पूर्वीसारखा बसत नाही. 1959 साली जपानमध्ये निघालेल्या निकॉन एफचंच बघा. काळ्या रंगातल्या निकॉन एफचं वरचं कवच पितळेचं. असा कॅमेरा वीस-तीस वर्षं एखाद्या वृत्तछायाचित्रकाराच्या गळ्यात राहिला की कडांवरचा, लिव्हरजवळचा, पट्ट्याच्या कड्यांपाशी असलेला रंग उडतो आणि आतलं पिवळं पितळ चमकायला लागतं. विकत घ्यायला आलेला माणूस नेमकं तिथेच बोट ठेवतो. "फार झिजलाय हो." झिजलाय, यात शंका नाही. पण बिघडलाय का? हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर त्या पिवळ्या कडेवर लिहिलेलं नाही.

झीज डोळ्याला दिसते, म्हणून आपण तिच्यावरून निकाल देतो. यंत्राचं आरोग्य मात्र त्याच्या चालण्यात असतं. आणि ते चालणं बरोबर आहे की नाही हे कळायला त्या यंत्राचा स्वभाव आधी ठाऊक असावा लागतो. स्वभाव माहीत नसेल तर धडधाकट कॅमेरा आजारी वाटतो आणि आजारी कॅमेरा धडधाकट. हे मला शिकवलं काकांच्या याशिका इलेक्ट्रो 35 ने.

काका गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत तो सापडला. 1966 साली याशिकाने ही मालिका सुरू केली. छिद्र आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेऱ्याने विजेच्या हिशोबाने ठरवायचं, अशी त्याची रचना. नवा सेल घातला, लिव्हर ओढली, तर आतून 'खट्' असा जाड आवाज आला. काहीतरी सुटलंय असं वाटलं. बटण अर्धं दाबलं तर पिवळा दिवा लागला. पुढे दाबून धरलं तर शटर उघडं ते उघडंच. मिटायलाच तयार नाही. तीन तक्रारी घेऊन मी शहरातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हाताऱ्या माणसाने कॅमेरा हातात घेतला, काही न बघता कानाशी धरला आणि लिव्हर ओढली. खट्. पुन्हा एकदा. खट्. मग म्हणाले, "काही झालेलं नाही त्याला. हा आवाज यायचा बंद झाला की मग घेऊन या."

त्या आवाजाचं कारण त्यांनी वरचं झाकण काढून दाखवलं. बटणाबरोबर खाली जाणारी एक दांडी आहे. रोल पुढे घेताना ती जागेवर परत येते, तिचा तो खट्. तिच्या वाटेत टेकू म्हणून रबराचा एक चिमुकला तुकडा बसवलेला असतो, नखाएवढासुद्धा नाही. वर्षं उलटतात तसं ते रबर कधी चिकट होऊन तर कधी भुगा होऊन जातं. ते गेलं की दांडीचा मेळ चुकतो, विजेचे स्पर्श वेळेवर जुळत नाहीत आणि कॅमेरा प्रकाशाचा अंदाज चुकवायला लागतो. बाहेरून मात्र त्याचं चालणं पहिल्यापेक्षा गुळगुळीत वाटतं, कारण तो खट् गेलेला असतो. अनोळखी माणूस हा गप्प कॅमेरा निवडेल आणि खट् करणारा बाजूला ठेवेल.

उरलेल्या दोन तक्रारीही अशाच विरल्या. पिवळा दिवा म्हणजे शटर 1/30 सेकंदापेक्षा सावकाश उघडणार आहे, हात हलेल, कॅमेरा टेकवून धर, एवढीच सूचना. आणि न मिटणारं शटर? मी ते घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, छिद्र अगदी लहान करून दाबलं होतं. हा कॅमेरा पुरेसा प्रकाश येईपर्यंत 30 सेकंदांपर्यंत थांबू शकतो. तो अडकला नव्हता, माझ्या खोलीतला उजेड गोळा करत होता. हे कळल्यावर त्या यंत्राबद्दल मला जो आदर वाटला तो आजवर कमी झालेला नाही.

असे स्वभाव प्रत्येक कॅमेऱ्याचे निराळे. 1954 च्या लायका एम 3 मध्ये सुरुवातीच्या नगांना रोल पुढे न्यायला लिव्हर दोनदा ओढावी लागते. पहिल्या ओढीत काम झालं नाही म्हणून तो बिघडलेला नसतो. पेंटॅक्स के 1000 ला प्रकाश मोजणारं मीटर बंद करायचं बटणच नाही. उजेडात ठेवला की आतली सुई हलत राहते, लेन्सवर टोपी घातली की निवांत होते. सोव्हिएत बनावटीच्या झोर्की 4 मध्ये शटरचा वेग रोल पुढे घेऊन शटर चढवल्यावरच बदलायचा असतो. आधी फिरवलात तर आतलं यंत्र दुखावतं, आणि मग दोष कॅमेऱ्याच्या माथी बसतो.

आवाजावरूनच ओळखायचं तर उलटं उदाहरणही हवं. 1976 साली आलेला कॅनन एई 1 अनेकांच्या घरी आहे. तो कधी कधी खटका दाबताना खोकल्यासारखा, चिरका आवाज करतो. बाहेरून कॅमेरा लखलखीत, एक ओरखडा नाही. हा आवाज मात्र स्वभाव नव्हे. आरसा वर उचलणाऱ्या भागातलं वंगण सुकल्याची ती खूण आहे, आणि वेळेवर थेंबभर तेल योग्य जागी पडलं नाही तर आरसा दिवसेंदिवस मंद होत जातो. याशिकाचा खट् आणि कॅननचा खोकला, दोन्ही नुसते आवाजच. एकाचं नसणं वाईट, दुसऱ्याचं असणं वाईट. म्हणून कान तयार करायचा तो एका विशिष्ट कॅमेऱ्यासाठी. सगळ्यांना लागू पडणारा कान नसतो.

खरा बिघाड बहुतेक वेळा काळात लपलेला असतो. के 1000 सारख्या यांत्रिक कॅमेऱ्यावर एक सेकंद लावा आणि दाबा. आतून एकसारखी घर्र ऐकू येते. वेळ राखणारं चक्र फिरतंय, तो नैसर्गिक आवाज. घर्र मध्येच अडखळली, किंवा घड्याळात एक सेकंदाचे तीन झाले, तर आत वंगण गोठलंय. मग मागचं दार उघडा, पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि 1/1000 वर दाबा. क्षणभर पूर्ण चौकट उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. फोटोतही तेवढा भाग काळा येणार.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अडखळणारं शटर वीस-तीस वेळा दाबलं की बऱ्याचदा मोकळं होतं आणि सुरळीत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडतं. त्यामुळे बाजारात विक्रेत्याने तुमच्या हातात द्यायच्या आधी सटासट दाबून दाखवलेला कॅमेरा काहीच सांगत नाही. जमलं तर रात्रभर पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचा पहिला खटका ऐका.

इथे पितळेकडे परत येतो. उपसा नसलेल्या विहिरीचं पाणी नासतं, तसं न वापरलेल्या कॅमेऱ्याचं होतं. वंगण सुकतं ते पडून राहिल्याने. चामडी केसमध्ये घालून कपाटात जपलेल्या कॅमेऱ्याला ओल धरते, आणि मुंबईच्या किंवा कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात लेन्सच्या आत बुरशी वाढते. टॉर्च आरपार धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बुरशी काचेवरचा लेपही खाते. त्यामानाने लेन्समधली दोन-चार धुळीची कुसळं, किंवा फार जुन्या काचेतला एखादा हवेचा बुडबुडा फोटोत उमटत नाही. दाराच्या खाचेतला काळा फोम चिकट होतो, तो बदलायचा, जसा नळाचा वॉशर बदलतो. ज्याच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत तो कॅमेरा निदान रोज उन्हात गेला, रोज चालला, आणि चालत होता म्हणूनच दुरुस्तीलाही वेळेवर गेला असण्याची शक्यता जास्त. माझ्यापुढे एक झिजलेला आणि एक पेटीबंद चकाकता कॅमेरा ठेवला तर मी आधी झिजलेल्याचा खटका ऐकेन.

लायका कंपनीने 2015 साली नवा कोरा कॅमेरा हाताने झिजवून, पितळ दिसेल असा करून 125 नगांत विकला. मला ते पटलं नाही. त्या पितळेमागे चालणं नाही.

एक सवलत मात्र जुन्या यंत्राला द्यायलाच हवी. 1/1000 लावल्यावर ते खरोखर 1/700 देत असेल, तर फरक प्रकाशाच्या मापात अर्ध्या स्टॉपचा. निगेटिव्ह रोल तेवढं सहज पचवतो. स्लाइडचा रोल नाही पचवत. पन्नास वर्षांच्या यंत्राकडून कारखान्यातल्या पहिल्या दिवसाचा नेमकेपणा मागणं अन्याय आहे. त्याच्याकडून सातत्य मागावं: आज जेवढा मंद, तेवढाच उद्या.

तुमच्या घरी वडिलांचा, आत्याचा, आजोबांचा असा एखादा कॅमेरा असेल तर या रविवारी बाहेर काढा. चामड्याच्या केसमधून काढून उघड्यावर, कोरड्या जागी ठेवा. आत जुना सेल राहिला असेल तर तो आधी काढा, पाझरला असेल तर डाग नीट पुसा. मग सगळे वेग एकेक करून पाच-पाच वेळा दाबा. पहिला खटका दाबण्याआधी मात्र खोलीतला पंखा बंद करा आणि कॅमेरा कानाशी धरा.