जिना, कळ आणि किल्ली

एखाद्या समाजाची नीती त्याच्या ग्रंथांवरून जितकी कळते, त्याहून अधिक ती त्याच्या घरांच्या रचनेवरून कळते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ग्रंथांत वडीलधाऱ्यांची थोरवी गाणे सोपे असते. परंतु त्याच वडीलधाऱ्या माणसास संध्याकाळी चार पावले बाहेर पडावेसे वाटले, तर ते त्यास शक्य आहे किंवा नाही, ह्याचा निकाल घराचा जिना देत असतो. प्रस्तुत लेखात ह्या जिन्याचा, आणि त्यास पर्याय म्हणून घरांत बसविण्यात येणारी उद्वाहने व जिन्यावरून सरकणाऱ्या खुर्च्या ह्यांचा, नैतिक दृष्टीने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दिसावयास गवंड्याचा व यंत्रज्ञाचा आहे. तथापि त्याच्या मुळाशी, स्वातंत्र्य म्हणजे काय, हा जुनाच प्रश्न आहे.

निवासी इमारतीतील पायरी १९ सेंटिमीटरांहून उंच असू नये, असे आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. तरुण पायांच्या हिशेबी ही उंची नगण्य होय. संधिवाताने धरलेल्या गुडघ्यास मात्र तीच पायरी किल्ल्याच्या तटासारखी भासते. एका मजल्यास सतरा-अठरा पायऱ्या धरल्या, तर तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाड आणि रस्ता ह्यांच्यामध्ये असे पन्नासांवर तट उभे राहिले. जुन्या वाड्यांतील भिंतीच्या पोटातून गेलेले अंधारे दगडी जिने आणि चाळींतील खडे लाकडी जिने तर कोणत्याच संहितेस विचारून बांधलेले नाहीत. अशा घरात मनुष्य एका दिवसात अडकून पडत नाही. प्रथम रोजची भाजी आणणे सुटते. मग देवदर्शन एकादशीवर येते. मग शेजारणीच्या हळदीकुंकवास जाणे राहते. शेवटी दवाखान्यापुरतेच खाली उतरणे होते, आणि तेही दोघांनी खुर्ची उचलून. कोणी शिक्षा फर्माविली नाही, कोणताही अपराध शाबीत झाला नाही. कैद मात्र पुरी झाली.

उद्वाहनाचा इतिहास ह्या बाबतीत बोधप्रद आहे. फ्रान्सच्या पंधराव्या लुईने १७४३ साली व्हर्सायच्या राजवाड्यात वजने व कप्प्या ह्यांच्या योगाने वरखाली होणारी खुर्ची करविली, ती केवळ राजाच्या खाजगी सोयीसाठी. पुढे १८५४ साली न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात इलिशा ओटिस ह्याने उंच चढविलेल्या पाटावर स्वतः उभे राहून त्याचा दोर सर्वांदेखत तोडविला, आणि पाट जागच्या जागी थांबला. वर चढविण्याची युक्ती त्यापूर्वीही माणसास ठाऊक होती. ओटिसने दिले ते दोर तुटला तरी खाली न पडू देणारे साधन. १८५७ साली त्याच शहरातील एका दुकानात त्याचे माणसांची ने-आण करणारे उद्वाहन चालू झाले, आणि १८८० साली जर्मनीतील मानहाइम येथे वेर्नर फॉन सीमेन्स ह्याने ते विजेवर चालवून दाखविले. पॅरिससारख्या शहरांत जिन्याच्या काळी माळ्याजवळचे मजले गरिबांच्या वाट्यास येत असत. उद्वाहन आले आणि तेच मजले धनिकांच्या पसंतीस उतरले. जिना माणसांची उतरंड लावीत असतो, हे त्यावरून स्पष्ट होते. जिन्यावरून सरकणारी विजेची खुर्ची पेनसिल्व्हानियातील क्रिस्पेन नामक गृहस्थाने १९२३ च्या सुमारास तयार केली. आजारामुळे माडीवरच अडकून पडलेल्या एका स्नेह्याची अवस्था पाहून त्यास ती सुचली, असे सांगतात. राजाच्या लहरीपासून स्नेह्याच्या कळवळ्यापर्यंत आलेला हा प्रवास यंत्राचा खरा, पण आमच्या मते तो नीतीचाही आहे.

ह्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, सोयीने मनुष्य दुबळा होतो. आमचे आजोबा नव्वदीतही माडी चढत, असे अभिमानाने सांगणारी मंडळी प्रत्येक कुटुंबात असतात. ज्यास चढता येते त्याने चढावे, त्यातच त्याच्या देहाचे हित आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जे चढत ते आजोबा स्मरणात राहिले. जे चढू शकत नव्हते ते माडीवरच राहिले, आणि त्यांच्याविषयी सांगण्याजोगे काही उरले नाही. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी आहे. तेवढ्याने पायऱ्यांनी जाणाऱ्यांचे पुण्य उणे झाले, असे कोणी मानीत नाही. उलट, गाडी असून जो पायऱ्या चढतो त्याच्या चढण्यासच तप हे नाव शोभते. न चढण्याची मोकळीक जेथे नाही, तेथील श्रम हे तप नसून निव्वळ सक्ती होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो प्रेमाच्या मुखाने बोलतो. मुलाचा हात असताना आईस यंत्राचा आधार कशास? सेवेची जागा कळ दाबून भरून काढावी काय? असा प्रश्न करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा श्रावणबाळ असतो. आईबापांस कावडीत बसवून तीर्थयात्रा घडविणाऱ्या त्या पुत्राविषयी आमच्या मनातही आदरच आहे. परंतु त्या कथेचा शेवट आपण दशरथाच्या शापापुरताच लक्षात ठेवितो. श्रावण पडला, त्याबरोबर त्या अंध मातापितरांची यात्रा संपली आणि जीवितही संपले. पुत्राच्या निष्ठेत तिळमात्र उणेपणा नव्हता. तरीही त्या दोघांचे सर्व जग एका खांद्यावर तोललेले होते. आजचा श्रावण तर नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी असतो, आणि घरी असला तरी कचेरीतून यावयास त्यास रात्र होते.

शिवाय मुलगा सदैव जवळ असला तरी एक गोष्ट उरतेच. मागून मिळणारी मदत कितीही प्रेमाची असो, ती रोज मागावी लागली म्हणजे मागणारा रोज थोडा संकोचत जातो. 'आज राहू दे, तू दमला आहेस,' असे आई एकदा म्हणते, दोनदा म्हणते. तिसऱ्या वेळी ती इच्छा बोलूनच दाखवीत नाही. मुलास वाटते, आता आईस बाहेर जाण्याची हौस उरली नाही. वास्तविक हौस उरलेली असते. उरलेले नसते ते मागण्याचे बळ. ह्या दृष्टीने पाहता यंत्र हे सेवेचे शत्रू नव्हे. आईस खाली नेण्याचे ओझे ते उचलते, आणि तिच्यासमवेत फिरावयास जाण्याचा आनंद मुलासाठी शिल्लक ठेविते.

येथे यंत्राच्या रचनेकडे थोडे लक्ष देणे अवश्य आहे. जिन्यावरील खुर्चीचा रूळ बहुधा भिंतीस न ठोकता पायऱ्यांवरच बसवितात. खुर्ची विद्युत्घटांवर चालत असल्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होऊ शकतात. तिच्या हातावर कळ असते. ती दाबून धरली तोवर खुर्ची चालते, सोडली की थांबते. आणि पुष्कळ खुर्च्यांना एक किल्लीही असते. मुलांनी खेळ करू नये म्हणून ती काढून ठेवता येते. आमच्या समजुतीने सगळा नैतिक प्रश्न ह्या किल्लीत साठविलेला आहे. ती वृद्धाच्या कनवटीस असेल, तर घरात स्वातंत्र्य आले. ती सुनेच्या वा मुलाच्या कपाटात असेल, तर पूर्वी हात मागावा लागे, आता किल्ली मागावी लागेल, एवढाच काय तो फरक. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या हाती किल्ली देणे धोक्याचे होय, हे खरे. परंतु अपवादाच्या आडोशाने नियम मोडण्याची सवय कुटुंबांस फार लवकर लागते. 'पडलीस तर?' हा प्रश्न काळजीचा आहे खरा; पण शहाण्या माणसाच्या प्रत्येक इच्छेस तोच एक प्रश्न आडवा येऊ लागला, म्हणजे ती काळजी पहारेकऱ्याची होते.

म्हणून साधन निवडताना ज्यास त्यात बसावयाचे आहे त्यास प्रथम विचारावे, हा आमचा पहिला नियम. पुष्कळदा उलट घडते: मापे जिन्याची घेतली जातात, किंमत मुलगे ठरवितात, आणि माणसास शेवटी बसविण्यात येते. जो चाकांच्या खुर्चीतच असतो त्यास जिन्याच्या खुर्चीचा उपयोग थोडा, कारण चढताना व उतरताना दोन्ही वेळा त्यास कोणी तरी उचलून बसविले पाहिजे. त्यास चाकांची खुर्ची मावेल असे लहान उद्वाहनच हवे. वळणाच्या जिन्याचा रूळ त्याच जिन्याच्या मापाने घडवावा लागतो, म्हणून तो महाग पडतो व दुसऱ्या घरी सहसा कामास येत नाही. जिना अरुंद असेल, तर रुळामुळे इतरांची वाट अडते, ह्याचाही विचार न्यायाचा आहे. काही घरी खालच्या मजल्यावरील एक खोली मोकळी करून देणे हेच सर्वांत उत्तम उद्वाहन ठरते; मात्र ती खोली बैठकीजवळची असावी, अडगळीजवळची नसावी.

प्रश्न घरापुरता राहत नाही, तो सहकारी गृहसंस्थेच्या सभेतही येतो. जुन्या तीन-चार मजली इमारतीस उद्वाहन बसवावयाचे म्हटले की तळमजल्यावरील सभासद विचारतात, 'आम्हांस त्याचा काय उपयोग?' महाराष्ट्रातील गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींनी, जेथे उद्वाहन आहे तेथे त्याच्या देखभालीचा खर्च, ते वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या अशा सर्व सभासदांनी सारखा सोसावा, असे ठरविले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यानेही, अपंग माणसासाठी वाजवी फेरबदल नाकारणे हा भेदभावच होय, हे तत्त्व स्वीकारले आहे. परंतु कायदा सभेत हात वर करावयास लावू शकेल. शेजाऱ्याच्या गुडघ्याचे दुःख आपले वाटावयास लावणे त्याच्या हाती नाही. तळमजल्याचा धनी गच्चीच्या दुरुस्तीस वर्गणी देतो, कारण एका छपराखाली राहणे म्हणजे काय, हे त्यास तेथे कळते. तेच त्यास जिन्याच्या बाबतीतही कळावे, इतकेच आमचे मागणे आहे.

यंत्राने वार्धक्य टळत नाही आणि एकटेपणही आपोआप जात नाही. खाली उतरल्यावर बोलावयास कोणी नसेल, तर उद्वाहन रिकामेच वरखाली होईल. तथापि कोणास न विचारता उंबरठा ओलांडता येणे हे स्वातंत्र्याचे पहिले लक्षण आहे, आणि मुलाने पहिले पाऊल टाकले तेव्हा ज्यांनी त्यास ते शिकविले, त्यांच्या अखेरच्या पावलांस ते परत देणे ही दया नव्हे. ती फेड आहे.