अंत्यदर्शनावाचूनचा शोक

सन २०२१ च्या चैत्रातील गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या मातोश्री करोनाच्या साथीत निवर्तल्या. त्या रुग्णालयात, आणि चिरंजीव त्याच रोगाने ग्रस्त होऊन घरच्या एका खोलीत बंद. वार्ता आली ती दूरध्वनीवरून. अग्नी दिला तो स्मशानातील सेवकांनी. पुढे अस्थी हाती आल्या, नर्मदेत त्यांचे विसर्जनही झाले. परंतु एक प्रश्न मात्र मनातच राहिला. ते गृहस्थ आजही विचारतात, "आईच्या मुखात मी गंगाजलाचा थेंब घातला नाही. मी पुत्रधर्माला चुकलो काय?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हे. आपल्याकडे मृत्यू हा कधीच एकाकी नव्हता. मुखी तुळशीपत्र, चौघांचा खांदा, दहाव्या दिवसाचा काकस्पर्श, तेराव्याला जमलेले आप्तेष्ट या साऱ्यांच्या आधाराने शोक हळूहळू ओसरत असे. सन २०२० च्या मार्चमधील शासकीय नियमांनी अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसे जमण्यास बंदी केली. शवास स्नान घालणे, आलिंगन देणे वर्ज्य ठरविले. दुरून मुखदर्शनाची व मंत्रपठणाची मुभा होती खरी. परंतु त्या धांदलीत व भयात तीही पुष्कळांना लाभली नाही.

आता रामायणाकडे पाहू. दशरथास चार पुत्र. पण प्राणोत्क्रमणसमयी एकही उशाशी नव्हता. राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न आजोळी. भरत येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवावा लागला. रामास वार्ता कळली ती चित्रकूटावर, कित्येक दिवसांनी. त्याने मंदाकिनीत उतरून जलांजली दिली आणि इंगुदीच्या पेंडीत बोरे मिसळून पिंड केला. राजाधिराजाला असा पिंड! तरी राम पुत्रधर्माला चुकला असे आजवर कोणी म्हटले नाही. कारण त्याला दूर ठेविले ते कर्तव्याने, औदासीन्याने नव्हे. आमचे ते गृहस्थही खोलीत थांबले ते इतरांस बाधा होऊ नये म्हणून. त्यांनी आईला टाकले नाही. आईच्याच नातवंडांना जपले.

आपले धर्मशास्त्रही अशा प्रसंगी निष्ठुर नाही. मरणाची वार्ता दशाहाच्या आत उशिरा कळली, तर उरलेल्या दिवसांचेच अशौच पाळावे असे ते सांगते. देह सापडलाच नाही, तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आहे. मृत्युतिथी अज्ञात असणाऱ्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. जवळ नसणे, उशिरा कळणे, देहच न लाभणे या साऱ्यांची जाण पूर्वजांना होती. त्यांनी अशा माणसास दोष दिला नाही, वाट दिली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या काळी दूर राहिलेले सारेच कर्तव्यापोटी दूर राहिले असे नव्हे. काही जण केवळ भयाने थांबले. त्यांच्या मनात पश्चात्ताप असेल तर तो खोटा म्हणता येणार नाही. मात्र भय हाही मनुष्यधर्मच आहे, आणि मृतासाठी राहून गेलेली सेवा जिवंत वृद्धांची करता येते.

परंतु ज्यांचा अपराध नाही, त्यांचेही मन मोकळे का होत नाही? मला वाटते, दुःखाला वाहून जाण्यास वाट मिळाली नाही म्हणून ते अपराधाचे रूप घेऊन बसले आहे. अपराध नव्हता हे पटले तरी दुःख संपणार नाही, आणि संपू नयेही. शेवटचा स्पर्श राहिला तो राहिलाच. त्याची भरपाई कोणताही युक्तिवाद करू शकत नाही.

तेव्हा वाचकहो, आपणांकडे एवढेच उरते. अशा घरी "शेवटी जवळ कोण होते?" असे विचारू नये. तिथीच्या दिवशी जावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी आणि घरच्यांना रडू द्यावे. त्या दिवसांत जे चार खांदेकरी मिळाले नाहीत, ते आज झाले तरी उशीर झालेला नाही.