निकाल लागेपर्यंत

कागदी मतपत्रिकांच्या काळात मतमोजणीचे काम माझ्या वाट्याला दोनदा आले. शाळामास्तरांच्या वाट्याला ते येतेच. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हॉलात ओळीने टेबले, टेबलांपुढे तारेची जाळी, आणि जाळीला नाक लावून उभे असलेले उमेदवारांचे प्रतिनिधी. मतपत्रिका उलगडून त्यांना दिसेल अशी धरायची आणि मग गठ्ठ्यात टाकायची. हात लावायची त्यांना मुभा नाही. डोळे लावायची आहे.

त्यातल्या एका रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर सात मतांचा हिशेब जुळेना. पेटीबरोबर आलेल्या कागदावर एक आकडा, टेबलावर दुसरा. गठ्ठे सोडले, पुन्हा मोजले. एक वाजला, दोन वाजले. बाहेर रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्याभोवती दोन-तीनशे माणसे थांबली होती. पाणी आणायला गेलेला शिपाई परत येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, भायेर लोक म्हणायलेत, आत कायतरी शिजायलंय."

आत काही शिजत नव्हते. काही मतपत्रिका एकमेकींच्या घडीत अडकून गेल्या होत्या आणि बाकीचा घोळ बेरजेचा होता. पहाटे चारच्या सुमारास हिशेब लागला. साहेबांनी बाहेर येऊन कर्ण्यावरून निकाल सांगितला. कोणी जागचे हलले नाही. मग पडलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी बाहेर गेला. रात्रभर उभे राहून त्याचे पाय सुजले होते. तो म्हणाला, "मी बघितलंय. बरोबर हाय. चला घरला." आणि लोक खरोखरच घरी गेले.

साहेबांजवळ पद होते, शिक्का होता, पोलीस होते, कर्णाही होता. त्या माणसाजवळ यांतले काही नव्हते. निकाल खोटा ठरला असता तर त्याला हवाच होता, म्हणून तो बरोबर आहे असे त्याने म्हटल्यावर ते लोकांना पटले.

निकालाला उशीर झाला की लोकांना संशय येतो. शहाणी माणसे अशा वेळी सांगतात, धीर धरा, यंत्रणेवर विश्वास ठेवा. हे सांगणे मला पूर्ण पटत नाही आणि टाकवतही नाही. विश्वास ही मागण्याची वस्तू आहे काय? आणि कोणी ती मागितली तर देण्याचे बंधन माझ्यावर कधी येते? आपल्या जवळची उदाहरणे घेतली की प्रत्येकाला आपापला पक्ष आठवतो आणि विचार बाजूला राहतो. म्हणून मी दूरचे, केनियाचे उदाहरण घेतो. तिथे आपला कोणी पक्ष नाही.

केनियात २७ डिसेंबर २००७ ला अध्यक्षपदासाठी मतदान झाले. सत्तेवर मवाई किबाकी होते, समोर रायला ओडिंगा. पहिले आकडे आले तेव्हा ओडिंगा बरेच पुढे होते. मग काही भागांतले आकडे येईनासे झाले, आणि जसजसे येऊ लागले तसतशी आघाडी आटत गेली. आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनीच उघड सांगितले, की आपले काही अधिकारी आपल्यालाच सापडत नाहीत, त्यांचे फोन बंद आहेत. किवुइटू कोणी ऐरागैरा नव्हता. २००२ ची निवडणूक त्याच्याच देखरेखीखाली झाली होती आणि सत्तांतर सुरळीत पार पडले होते. लोकांचा त्याच्यावर भरवसा होता. पण मतदारसंघात जाहीर झालेला आकडा आणि राजधानी नैरोबीत वाचला जाणारा आकडा काही ठिकाणी जुळेना, तेव्हा तो भरवसा किती पुरणार?

तीन दिवस असे गेले. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी पत्रकारांना आणि प्रतिनिधींना बाहेर ठेवून, केवळ सरकारी दूरचित्रवाणीपुढे, किबाकी विजयी झाल्याचे जाहीर करण्यात आले. फरक सुमारे २ लाख ३२ हजार मतांचा. तासाभराच्या आत, दिवेलागणीला, अध्यक्षांच्या निवासस्थानी शपथविधी उरकला. आमच्याकडे घाईने लावलेल्या लग्नातसुद्धा एवढी घाई नसते. पुढे जे झाले ते वाचवत नाही. ११०० हून अधिक माणसे मारली गेली, सहा लाखांच्या आसपास घरादाराला मुकली. एल्डोरेटजवळच्या कियांबा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायकामुलांसकट ते चर्च पेटवण्यात आले.

तेव्हा उशिरामुळे संशय आला हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. संशय तीन दिवस वाढत होता, पण लोक थांबले होते. आग लागली ती दार लावून केलेल्या घाईने.

मला त्या सगळ्यात किवुइटूचा प्रश्न अधिक छळतो. निकाल जाहीर केल्यावर दोनच दिवसांत तो पत्रकारांना म्हणाला, की किबाकी खरोखर जिंकले की नाही हे आपल्याला माहीत नाही. जाहीर करा म्हणून आपल्यावर दडपण होते, असेही त्याने सांगितले. माहीत नसताना त्याने तोंड का उघडले? राजीनामा देऊन घरी का गेला नाही? असे विचारणे आपल्याला इथे बसून सोपे आहे. कदाचित त्याला वाटले असेल, की आणखी उशीर झाला तर देश पेटेल, त्यापेक्षा काहीतरी एक सांगून टाकू. अडचणीतला प्रत्येक माणूस असाच विचार करतो, मीही केला असता. पण न्यायाधीशाने किंवा मोजणाऱ्याने 'काहीतरी एक' सांगायचे नसते. 'मला अजून कळलेले नाही' हे वाक्य बोलण्यासाठीच तर त्याला त्या खुर्चीवर बसवलेले असते. ते वाक्य तो बोलला, पण दोन दिवस उशिरा. निकालातला सगळ्यात घातक उशीर मला तो वाटतो.

नंतर दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायमूर्ती योहान क्रीग्लर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. २००८ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की नोंदी इतक्या बिघडल्या आहेत की कोण जिंकले हे आता सांगताच येणार नाही. लाखो लोकांनी उन्हात रांगा लावून दिलेले मत मोजून काय निघाले, हे देवाखेरीज कोणाला कळायचे नाही.

यानंतर केनियाने केलेली गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. त्यांनी निकालाचे घर बदलले. प्रत्येक मतदान केंद्रावरच मते मोजायची, आकडे एका कागदावर लिहायचे, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या, एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवायची. या कागदाला तिथे ३४-अ नमुना म्हणतात. खालचा आकडा वरच्यांना बदलता येणार नाही, असे त्यांच्या अपील न्यायालयाने २०१७ च्या जूनमध्ये सांगितले. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा घोळ झाला. आकडे पडद्यावर झरझर पळत होते, पण त्यांच्यामागचे कागद सगळे हाती नव्हते. मतदानाच्या काही दिवस आधी आयोगाच्या संगणक विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा खून झाला होता. कोणाला झोप येणार? १ सप्टेंबर २०१७ ला मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड मारागा यांच्या न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूक रद्द केली. अध्यक्षपदाची निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याची आफ्रिकेतली ती पहिली वेळ. बेरीज बरोबर असेलही, पण ती कशी आली हे दाखवता आले पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहून मोकळा होणाऱ्या मुलाला मी जे सांगत आलो, तेच.

मग आले २०२२. या वेळी ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे कागद आयोगाने सर्वांना पाहण्यासाठी खुले केले. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे आणि बेरीज करावी. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाण्या कामाला लागल्या. एकाने आधी हे कागद घेतले, दुसऱ्याने ते, त्यामुळे एका वाहिनीवर रूटो पुढे आणि दुसरीवर ओडिंगा. लोक आणखी गोंधळले. सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विल्यम रूटो विजयी झाल्याचे जाहीर होत असतानाच सातांपैकी चार आयुक्तांनी दुसरीकडे जाऊन सांगितले, की हा निकाल आम्हाला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण दिले : चारही उमेदवारांच्या टक्केवारीची बेरीज १००.०१ होते, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार मते कुठून तरी आली. वास्तविक १ कोटी ४२ लाखांचा दहाहजारावा भाग म्हणजे १,४२० मते, आणि तीही आलेली नव्हती. टक्के काढताना दुसऱ्या दशांशापर्यंत जवळचा आकडा धरला की असे होऊ शकते. सातवीतल्या मुलाने ही चूक दाखवली असती, आणि केनियात पुष्कळांनी दाखवलीही.

फरक या वेळी किती होता? सुमारे २ लाख ३३ हजार. पंधरा वर्षांपूर्वीएवढाच. हरलेला माणूसही तोच. किसुमूत टायर जळाले, दगडफेक झाली, पण २००७ सारखे काही घडले नाही. ५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल उचलून धरला. ओडिंगा म्हणाले, निर्णय पटत नाही, पण मान्य आहे.

कागद उघडे केले म्हणजे विश्वासाची गरजच संपते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ४६ हजार कागद कोण वाचतो? हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला अधिक कळते. आमच्या गल्लीतल्या एक आजी कानडीतून आलेली नोटीस घेऊन माझ्याकडे यायच्या. "गुरुजी, ह्यात काय लिवलंय?" मी वाचून सांगायचा आणि त्या कागद कनवटीला लावून जायच्या. एकदा माझ्याकडून तारीख चुकीची वाचली गेली आणि त्यांची कचेरीची खेप फुकट गेली. त्यानंतर त्या आधी कोपऱ्यावरच्या कानडी दुकानदाराकडून वाचून घेत आणि मग माझ्याकडे येत. खरे सांगायचे तर पहिल्यांदा मला राग आला. मग वाटले, बरोबरच आहे. दोघांचे जुळले की आजी निश्चिंत होत. तिसऱ्याकडे मात्र कधी गेल्या नाहीत.

केनियातल्या खेड्यातल्या माणसालाही एवढेच करता येते. आपल्या केंद्राच्या दारावरचा कागद आणि राजधानीत दाखवलेला कागद एकच आहे ना, ते बघायचे. बाकीच्या केंद्रांवर त्याच्यासारखाच दुसरा कोणी बघतो आहे, हे त्याला मानावे लागते. विश्वास आहेच, फक्त तो साहेबावरून उतरून शेजाऱ्यावर आला आहे.

आणि आजी तिसऱ्याकडे गेल्या नाहीत, हेही विसरू नये. पेरू देशात ६ जून २०२१ ला मतदान झाले. पेद्रो कास्तियो सुमारे ४४ हजार मतांनी पुढे होते, मोजणी दहाएक दिवसांत संपली होती. हरत असलेल्या केइको फुजिमोरी यांच्या बाजूने डोंगराळ भागातल्या शेकडो टेबलांवरची मते रद्द करा, असे अर्ज आले. त्यांतले पुष्कळ मुदतीनंतर आलेले. तरी वर आलेली प्रत्येक तक्रार ऐकण्यात आली आणि विजयाची अधिकृत घोषणा व्हायला १९ जुलै उजाडला. ज्यांच्या अर्जांनी उशीर झाला त्यांच्यातलेच कित्येक म्हणत होते, बघा, उशीर होतो आहे, म्हणजे काळेबेरे आहे!

उशीर हे हत्यारही असते, हे बेळगावला कोणी सांगायला नको. १९९६ च्या लोकसभेला आपल्याकडे ४५६ उमेदवार उभे राहिले, ते निवडून यायला नव्हेत. एका पानावर ती नावे मावणे शक्यच नव्हते. सरकारचे काम वाढावे आणि दिल्लीने मान वळवून पाहावे, एवढाच हेतू. ते योग्य की अयोग्य यावर आमच्या घरातच दोन मते होती. पण त्या ४५६ जणांनी दुसऱ्या कोणाचे मत खोटे ठरवले नव्हते. डोंगरातल्या माणसाचे मत पुरावा नसताना रद्द करा म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. संशय घेण्याचा हक्क मला आहे, पण माझ्या संशयाची किंमत तो डोंगरातला माणूस मोजत असतो. कागद समोर ठेवल्यावरही मी मान हलवत राहिलो, तर मग दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

त्या रात्रीचा जाळीपलीकडचा माणूस हे जाणत होता. त्याने सात मतांसाठी आम्हाला पहाटेपर्यंत बसवले, तीनदा मोजायला लावले. आम्ही मनात त्याला शिव्या दिल्या. हिशेब जुळल्यावर मात्र चौथ्यांदा मोजा म्हणाला नाही.

किवुइटू २०१३ मध्ये गेले, किबाकी एप्रिल २०२२ मध्ये. रायला ओडिंगा आयुर्वेदाच्या उपचारांसाठी केरळात आले होते, तिथेच १५ ऑक्टोबर २०२५ ला त्यांचे निधन झाले. २००७ साली कोण जिंकले होते, हे तिघांपैकी एकालाही कळले नाही.